चूल पेटायच्या आधीची बासी

सन दोन हजार तेवीस. मी एकाहत्तर वर्षांचा होतो, आणि त्या वर्षी मला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी म्हटलं, तुम्ही बाहेर बसा.

मी तिसरी शिकलेला माणूस. लिहिता येतं, पण अक्षर मोठं येतं, पानावर आठ-नऊ ओळींच्या वर मावत नाही. इंग्रजी मुळीच येत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं त्याचं काम पडणार आहे. बाकी गावात माझा शब्द चालतो. पाणी कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, आधी सोडायचं यावर भांडण झालं तर मला बोलावतात, आणि मी सांगितलं की लोक घरी जातात. चोरखमाऱ्याच्या तलावाचं पाणी आमच्या सहा बांध्यांना लागतं. धानाशिवाय मी काही पिकवलं नाही आणि धानाशिवाय मला काही कळतही नाही.

बायको माझी पलीकडची, छत्तीसगढची. सालेकशाच्या पुढं हद्द ओलांडली की तिचं माहेर. लग्न होऊन आली तेव्हा तिला आमची बोली येत नव्हती. पुढं आली, पण घाई झाली, राग आला किंवा काही लागलं की तिच्या तोंडून तिचीच बोली निघते. मुलगा सून-नातवंडांसोबत नागपूरला असतो. घरात आम्ही दोघंच.

तिचे डोळे गेले ते हळूहळू. मला कळलं रोवण्यात, म्हणजे धानाच्या लावणीत. आमच्याकडं रोवण्याला बायांची रांग लागते आणि रांगेत पहिली ती असायची. दोरी न लावता तिचा रोपांचा तास सरळ जायचा. आजूबाजूच्या गावच्या बाया तिच्या हाताकडं पाहून आपला हात धरायच्या. त्या वर्षी ती रोवलेल्याच धानावर परत धान रोवू लागली. एरवी कोणाची चूक झाली तर किती हसतात, पण तेव्हा कोणी हसलं नाही. ती बांधीतून बाहेर आली, हात धुतले, धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसली. मला म्हणाली,

"अजी, तिरोड्याच्या चिमण्या कुठं होत?"

मोकळ्या दिवशी आमच्या धुऱ्यावरून वीज कारखान्याच्या चिमण्या दिसतात. त्या दिवशी आभाळ धुतल्यासारखं साफ होतं.

"समोर तर आहेत," मी म्हटलं.

"मले नाही दिसत."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. गावच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर नवा आला होता, पोरगाच, पुण्याकडचा. बॅटरी लावून पाहिलं आणि सांगितलं की उजवा फार पिकला आहे, आणखी थांबलं तर नजर कायमची जाऊ शकते. ऑपरेशन मोठ्या दवाखान्यात फुकट होतं, पण तिला साखरेचा आजार. साखर उतरल्याशिवाय तिथं टेबलावर घेत नाहीत. "सकाळी उपाशीपोटी घेऊन या, रक्त तपासू," म्हणाला.

मी तिला घेऊन गेलो. आमच्या घरी चूल पेटायच्या आधी निघालो. डॉक्टरनं विचारलं, "काही खाल्लंय का यांनी?"

"काही नाही," मी सांगितलं.

साखर जास्त निघाली. त्यानं गोळी वाढवून दिली आणि महिन्यानं यायला सांगितलं. सोबत एक छापील कागद दिला, काय खायचं काय नाही त्याचा. पुढं जी नवी सिस्टर आली, तिनं मला तो वाचून दाखवला. त्यात चपाती, मटकी, ज्वारीची भाकरी, सगळं होतं. आमच्या घरी चपाती होते ती पाहुणा आला तर. आम्ही सकाळी भात, दुपारी भात, संध्याकाळी भात. तो कागद कोणत्या गावच्या माणसासाठी छापला होता देव जाणे.

गोळी वाढल्यावर नवीनच सुरू झालं. दुपारच्या आधी तिला घाम फुटायचा, हात थरथरायचे. एकदा पाण्याला बोरिंगवर गेली आणि भरलेल्या गुंडासकट, म्हणजे घागरीसकट, खाली बसली. बाया धरून घरी घेऊन आल्या. मी म्हटलं, अशक्तपणा होय. मला काय माहीत!

महिन्यानं परत गेलो. परत तोच प्रश्न. मी परत म्हटलं, काही नाही. परत साखर जास्त. या वेळी डॉक्टरनं पेन खाली ठेवला.

"आजोबा, हे शक्य नाही. इतक्या गोळ्यांवर उपाशीपोटी साखर एवढी राहत नाही. तुम्ही मला खरं सांगत नाही आहात."

"मी?" मी उभा राहिलो. "पाण्याच्या भांडणात साऱ्या गावानं माह्या एका शब्दावर विश्वास ठेवला, अन् तुम्ही मले खोटारडा म्हणून राहिले?"

"मी तसं म्हटलं नाही."

"मग काय म्हटलं?"

त्यानं पेन परत उचलला. तिच्या केसपेपरवर इंग्रजीत काहीतरी लिहिलं आणि कागद माझ्या हातात दिला. मी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट घडी न पाडता ठेवला. सरकारी कागद होय, त्याला जपायला पाहिजे. पुढं ज्या ज्या डॉक्टरकडं गेलो त्याच्यासमोर तो कागद मी सगळ्यात आधी ठेवायचो. का कोण जाणे, तो वाचला की डॉक्टर माझ्याशी कमी बोलायचे.

दिवाळी झाल्यावर आरोग्य केंद्रात नवी सिस्टर आली. तीसेक वर्षांची, बारकी, पायात साध्या चपला. मी सवयीप्रमाणं विचारलं,

"कोणत्या गावच्या होय, बाई?"

"देवरीकडची."

"आडनाव?"

"सिस्टर म्हणा, बाबाजी. आडनाव सांगितलं तर सुई कमी टोचते का?"

मागं बसलेल्या बाया हसल्या. मला राग आला. खोटं कशाला लिहू, मी आडनाव विचारलं ते कशासाठी विचारलं हे मला माहीत होतं आणि तिलाही माहीत होतं. नंतर मला कळलंच, ती गोंडाची होती. आमच्या गावात अशी माहिती कधी लपून राहते?

तिनं आमचा कागद वाचला. सगळा वाचला, त्या इंग्रजी ओळीसकट. माझ्याकडं पाहिलं नाही. बायकोकडं पाहिलं आणि म्हणाली,

"बाबाजी, तुम्ही जरा बाहेर बसा."

"काऊन?"

"मावशीसंग बोलाचं आहे."

"मंग बोला ना. मी तिचा नवरा होय."

"म्हणूनच तर."

"अठ्ठेचाळीस वर्षं झाली लग्नाले. तिचं असं काय आहे जे मले माहीत नाही?"

"मले काय माहीत! मी तर आजच आली," सिस्टर म्हणाली.

मी उठलो नाही. मी एकदा बसलो की बसलो. तिनं भांडण केलं नाही. आवाजही चढवला नाही. "बरं," म्हणाली, बायकोचा रक्तदाब पाहिला, पाय तपासले, तळव्याला बोट लावून कुठं कळतं कुठं नाही ते विचारलं, आणि जा म्हणाली. मला वाटलं, जिंकलो.

चौथ्या दिवशी ती आमच्या दारात. गावात घरोघर फिरायचा तिचा वार होता. मी ओसरीवर बसलो होतो. मला राम राम केला आणि सरळ माजघरातून मागं, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी गेली. बायको लाखोरीची डाळ निवडत होती. म्हणजे बोटांनी चाचपत होती, दिसत कुठं होतं! सिस्टर खाली बसली. सूप आपल्याकडं ओढलं आणि खडे काढू लागली.

बायकोनं तिला पाणी दिलं, आमच्या रोजच्या लोट्यात. मी ओसरीवरून मान वळवून लोट्याकडं पाहिलं. सिस्टरनं मला पाहताना पाहिलं. मग तिनं तो लोटा तोंडाला लावून पूर्ण संपवला, पदरानं ओठ पुसले आणि म्हणाली, "अजून आहे का, मावशी? गोड आहे तुमच्याकडचं पानी."

आणि मग ती छत्तीसगढी बोलू लागली; देवरीही हद्दीलगतच. मी कान दिला. इतक्या वर्षांत घरात कोणी माझ्या बायकोशी तिच्या बोलीत बोललं नव्हतं. एक तिचा भाऊ यायचा तेव्हा बोलायचा, तो गेल्यालाही वर्षं झाली. बायकोचा आवाज बदलला. मोठा झाला, पोरीसारखा झाला. मध्येच दोघी हसल्या. मला बोली अर्धी कळते, पण त्या खालच्या आवाजात बोलायला लागल्या की तीही कळेना. एकच वाक्य कानावर आलं, बायकोचं,

"मोला कोनो पूछबे नई करिन."

मला कोणी विचारलंच नाही. एवढं मला कळलं.

तासाभरानं सिस्टर बाहेर आली. मी रस्ता अडवून उभा.

"काय म्हणाली ती?"

"ते मावशीले विचारा."

"तुम्ही सांगा ना. तुमच्याच तोंडून आयकतो."

"मी नाही सांगणार, बाबाजी. तिनं मले सांगितलं, तुम्हाले नाही. तिले वाटलं तर ती सांगन."

"अन् डॉक्टरले?"

"डॉक्टरले सांगू का, हे तिले विचारलं. ती हो म्हणाली."

"अन् मले सांगू का, हे नाही विचारलं?"

"विचारलं."

ती गेली. मी दारातच उभा. माझ्या घरात, माझ्या बायकोनं, मला सांगू नको म्हटलं!

मी चार दिवस बायकोशी बोललो नाही. जेवलो, उठलो, बांधीवर गेलो. पण सकाळचं चित्र बदललं. पाचव्या दिवशी मी ओसरीवर दात घासत होतो. ऊन पडलं होतं. ती हातात काशाची बटकी घेऊन आली आणि माझ्यासमोर, ओसरीच्या पायरीवर बसली. बटकी म्हणजे पसरट वाटी. ती मी ओळखत होतो. तिच्या माहेरची. स्वयंपाकघरात टोपलीखाली पालथी असायची. मला वाटायचं, पूजेची असेल. तिच्यात रात्रीचा पाण्यात भिजवलेला भात होता, मीठ, कांद्याची फोड आणि एक हिरवी मिरची. ती खाऊ लागली.

"हे काय होय?"

"बासी."

"ते दिसते मले. केव्हापासून?"

"लगन होऊन आली तेव्हापासून."

मी दात घासायचा थांबलो.

"रोज?"

"रोज. तुम्ही उठाच्या आधी. चूल पेटाच्या आधी."

कोपऱ्यात रोज रात्री पाणी घालून ठेवलेला भात मी पाहायचो. इतकी वर्षं मला वाटायचं, तो गाईचा आहे.

मग तिनं सांगितलं, थांबत थांबत, खात खात. आली तेव्हा पहिल्या आठवड्यात तिनं माहेरच्या सवयीनं सकाळी बासी खाल्ली होती. माझ्या आईनं पाहिलं. "तिकडचे लोक शिळं खाणारे," असं आई साऱ्या गल्लीत सांगत फिरली. आई एकटीच नव्हती. मी पण म्हटलं होतं. पाहुण्यांसमोर तिला म्हटलं होतं, हिच्या माहेरी अन्न नासवून खातात. सगळे हसले होते. मला ते आठवत नव्हतं. तिला कोण कोण बसलं होतं तेसुद्धा आठवत होतं. तेव्हापासून ती सगळ्यांच्या आधी उठून खायची, बटकी धुऊन पालथी घालायची, आणि मग चूल पेटवायची. आई जाऊन वीस वर्षं झाली. तरी ती लपूनच खायची. नंतर मग दुपारी मी जेवलो, मजूर जेवले, भांडी झाली की तीन वाजता तिचं जेवण. म्हणजे सकाळच्या अंधारापासून तीनपर्यंत पोटात काही नाही आणि अंगात डबल गोळी. घाम त्याचा होता. बोरिंगवर पडली ती त्यानं.

"अन् दवाखान्यात गेलो त्या दिवशीही खाल्ली?"

"खाल्ली ना."

"मंग मी तिथं काही खाल्लं नाही म्हणून सांगत होतो, तेव्हा काऊन नाही बोलली?"

"चूल पेटली नाही तर जेवण कुठं झालं? आमच्या तिकडं बासीले खाणं नाही म्हणत. अन् डॉक्टरनं तुम्हाले विचारलं. मले कुठं विचारलं?" मग बटकीतलं पाणी पिऊन म्हणाली, "अन् सांगितलं असतं तर तुम्ही तिथंसुद्धा हसले असते. डॉक्टरसंग."

मी तोंड धुतलं आणि बांधीवर निघून गेलो. तिथं काही काम नव्हतं. धुऱ्यावर बसून राहिलो दुपारपर्यंत.

सिस्टरनं काय केलं ते आता सांगतो, कारण त्यासाठीच मी हे लिहायला बसलो आहे. तिनं बासी बंद केली नाही. हेच मला सगळ्यात जास्त पटलं. मी असतो तर बंदच केली असती. डॉक्टरशी बोलून तिनं गोळ्यांची वेळ आणि माप बदलून घेतलं. त्या छापील कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर एक ताट काढलं, पेन्सिलीनं, बोटाला लागेल असं दाबून. त्यात भात एवढा, लाखोरीची डाळ एवढी, पालेभाजी अर्धं ताट. बाजूला सकाळच्या सूर्याचा गोल आणि त्याखाली बटकी, अर्धी भरलेली. बटकीनंतर गोळी. बारा वाजताच्या सूर्याखाली परत ताट. तीनच्या सूर्यावर मोठी फुली.

"हे तीन वाजताचं जेवण बंद, बाबाजी. बारा वाजता दोघांनी संग बसाचं."

"तिच्या आधी मी नाही जेवत काय? सोबत कसं बसू? वाढणार कोण?"

"तुम्हाले हात आहेत ना दोन?"

मग तिनं बायकोला म्हटलं, "मावशी, आता मले सांगा बरं, घरी काय काय करणार. मी बरोबर समजावलं का नाही ते मले पाहाचं आहे." असं म्हणाली. तुम्हाला समजलं का, असं नाही विचारलं. समजलं का म्हटलं की आम्ही लोक हो म्हणतो. मी तर आयुष्यभर दवाखान्यात हो म्हणत आलो, न समजता. बायकोनं बोटानं कागद चाचपत सगळं सांगितलं. एका ठिकाणी चुकली, तर सिस्टर म्हणाली, "माझंच चुकलं, मी नीट नाही सांगितलं," आणि परत सांगितलं. असं शिकवणं मी कोणत्याच मास्तराचं पाहिलं नाही.

साखर उतरायला दोन महिने लागले. मग डॉक्टरनं तपासायला बोलावलं. खरोखर उपाशीपोटी. त्या सकाळी बटकी पालथीच राहिली, मी पाहून घेतलं. डॉक्टरनं मशीन बोटाला लावलं, आकडा पाहिला आणि "मावशी, तारीख घेऊ या," म्हणाला. तिच्याकडं पाहून म्हणाला.

ऑपरेशन मोठ्या दवाखान्यात झालं, सकाळच्या वेळेला, उजवा डोळा. अर्ध्या तासात तिला बाहेर आणलं, डोळ्यावर पांढरी पट्टी. उद्या सकाळी उघडू म्हणाले. नजर आली की नाही ते तेव्हा कळणार. डोळा इतका पिकला होता की मोठा डॉक्टर म्हणाला होता, मी करतो, पण नजर किती येईल ते सांगत नाही. ती पलंगावर पडली होती. मी खाली चटईवर.

त्याच दिवशी त्या दवाखान्याच्या हॉलमध्ये आजूबाजूच्या आरोग्य केंद्रांतल्या डॉक्टर-सिस्टर लोकांचं शिबिर होतं. आमची सिस्टर आणि तो पुण्याकडचा डॉक्टर दोघंही आले होते. दुपारी सिस्टर वॉर्डात आली. बायकोच्या कानाशी वाकून विचारलं,

"मावशी, तिकडं तुमची गोष्ट सांगू का? नाव नाही घेणार, गाव नाही सांगणार."

"सांग," बायको म्हणाली. "नाव घेतलं तरी चालते."

मला विचारलं नाही. आता मला सवय झाली होती.

पण कान कसा आवरणार? ती गेल्यावर मी हॉलच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. आत शहरातून आलेल्या एक मॅडम भिंतीवरच्या पडद्यावर काहीतरी दाखवत होत्या. समता, समावेशन, असे शब्द बोलत होत्या. मला शब्द कळले नाहीत. मग त्यांनी सिस्टरला उभं केलं. सिस्टरनं सांगितलं, अशी एक मावशी, अशी तिची बासी, असा तिचा नवरा. तिनं माझ्याबद्दल वाईट एक शब्द काढला नाही. "तिच्या वतीनं घरचे माणूस उत्तर द्यायचे," एवढंच म्हणाली. पण मागच्या खुर्चीवरचा कोणीतरी हसला.

"अडाणी असतात हो हे. बायको काय खाते ते माहीत नाही!"

दोन-चार जण हसले. मी आत शिरलो. कोणी बोलावलं नव्हतं.

"तो अडाणी मी होय," मी म्हटलं.

हसणारे मागं वळले. सिस्टरचा चेहरा पांढरा पडला.

"तिसरी शिकलो. बायको अठ्ठेचाळीस वर्षं काय खाते ते मले माहीत नव्हतं, हे खरं आहे. पण माह्या घरात तिले लपून खा लागलं, ते मी अडाणी म्हणून नाही. मी तिले हसलो होतो म्हणून. आता तुम्ही हसून राहिले. तुम्हाले पाहून अजून कोणी काय लपवन, ते तुमचं तुम्ही पाहा."

मला वाटलं आता बाहेर काढतील. पण पुढच्या रांगेतून आमचा पुण्याकडचा डॉक्टर उठला. मान खाली.

"त्या मावशीच्या केसपेपरवर मी एक ओळ लिहिली होती," तो म्हणाला. "पेशंट आणि नातेवाईक विश्वास ठेवण्यासारखे नाहीत, अशी. हे आजोबा तो कागद सगळीकडं घेऊन फिरले. सिस्टरनं मला ती ओळ दाखवली आणि विचारलं, सर, ही खोडायची कोणी?"

मी त्याच्याकडं पाहत राहिलो. तो कागद! प्लॅस्टिकच्या पिशवीतला. ज्याला मी घडी पडू दिली नव्हती.

"मग खोडली का?" मी विचारलं.

"मीच खोडली. खाली सही केली."

मी रागावायला पाहिजे होतं. रागावलोही असतो, एक वर्षाआधी. पण साऱ्या लोकांसमोर आपली चूक सांगायला काय लागतं ते मला दोन मिनिटांआधीच कळलं होतं. तो माझ्या नातवाच्या वयाचा, आणि त्यानं ते केलं. मी म्हटलं, "बरं केलं." सिस्टरनं आपली खुर्ची माझ्याकडं सरकवली. मी बसलो नाही. वॉर्डात बायको एकटी होती.

परत आल्यावर तिनं विचारलं, "कुठं गेलते?"

"खोटं नाही सांगत. भाषण द्याले."

"तुम्ही?" ती हसली. पट्टी हलू नये म्हणून हात धरून हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठा डॉक्टर आला, सोबत दोन सिस्टर. बायकोला स्टुलावर बसवलं. डॉक्टरनं पट्टीला हात लावला आणि, सवय असेल त्यालाही, मान वळवून मला विचारलं,

"बाबा, रात्री काही त्रास झाला का यांना? दुखलं, खुपलं?"

मला माहीत होतं. रात्रभर मी जागाच होतो. उत्तर जिभेवर आलं होतं.

"तिले विचारा," मी म्हटलं, आणि उठून बाहेर गेलो.

व्हरांड्यात बाक होता. तिथं बसलो. दार अर्धं उघडं होतं. पट्टीचा चिकटा निघाल्याचा आवाज आला. मी हाताची बोटं एकमेकांत घालून बसलो होतो, रोवण्यात पाऊस थांबायची वाट पाहत बसतो तसा. मग डॉक्टरचा आवाज, "ही किती बोटं, मावशी?"

"तीन ठन," ती म्हणाली. तिच्या बोलीत.

"बरोबर. आणि ही?"

"दू ठन."

मी तरी आत गेलो नाही. पिशवीतून डबा काढला. घरून निघताना मीच तो भातानं भरला होता, आणि रात्री वॉर्डातल्या माठातलं पाणी मीच घातलं होतं. बटकी फडक्यात बांधून आणली होती. ती सोडली, डबा तिच्यात ओतला, मीठ टाकलं, कांदा फोडला, आणि ती बाहेर येईपर्यंत मांडीवर धरून बसून राहिलो.